पडद्यावरची लढाई आणि घरातले पोर

वाचकहो, कांद्याचे रोप, गाईची कास, ठिबकच्या नळ्या या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेऊ. गेल्या काही वर्षांत घरोघरी एक तक्रार ऐकू येते. पोरगा मोबाईलवरच्या बंदुकीच्या खेळात बसला की त्याला तहान नाही, भूक नाही. चार हाका मारल्या तरी ओ देत नाही. आई चिडते, वडील मोबाईल हिसकावून घेतात, आणि आजीला वाटते पोराला कुणाची तरी नजर लागली. रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणाखाली पुन्हा तोच उजेड!

आता तुम्हीच सांगा, कपाशीची पाने लाल पडू लागली तर तुम्ही डोळे मिटून पंप पाठीवर घेता काय? आधी पान उलटून पाहता. तुडतुडे लागलेत की मॅग्नेशियम कमी पडले, हे ठरल्यावरच औषधाला हात घालता. मग पोराच्या बाबतीत मात्र पान न उलटताच फवारा का मारायचा? त्या खेळात असे आहे तरी काय, की ज्यापुढे चुलीवरची गरम भाकरीही फिकी पडावी? ते आज समजून घेऊ.

त्यासाठी तीसेक वर्षे मागे जायला हवे. आजची पोरे बंदुकीचे जे खेळ खेळतात, त्या सगळ्या गोतावळ्याचा एक मूळपुरुष आहे. त्याचे नाव ‘डूम’. १० डिसेंबर १९९३ रोजी तो अमेरिकेत जन्मला. मूळपुरुषाची ओळख पटली म्हणजे त्याचे वंशज ओळखायला वेळ लागत नाही.

टेक्सासची तरुण मंडळी

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात डॅलस शहराला लागून मेस्किट नावाचे गाव आहे. तेथे ‘इड सॉफ्टवेअर’ नावाची एक लहानशी कंपनी काम करीत होती. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि चित्रकार एड्रियन कारमॅक या चौघांनी १९९१ साली ती काढलेली. दोन कारमॅक असले तरी ते एकमेकांचे भाऊबंद नव्हेत, नुसते आडनावबंधू. डूम बाहेर पडला तेव्हा जॉन कारमॅक तेवीस वर्षांचा होता आणि रोमेरो सव्वीस वर्षांचा. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात पोराला ‘अजून तुला काय कळतंय’ म्हणून गप्प बसवतात, त्या वयाची ही मुले.

खेळाची कथा चार ओळींत संपते. मंगळ ग्रहाला फोबोस आणि डायमॉस असे दोन चंद्र आहेत. हे खरेच आहेत, १८७७ साली आसफ हॉल या खगोलशास्त्रज्ञाने ते शोधले. पुढची सगळी कल्पना. एका कंपनीने या दोन चंद्रांवर ठाणी उभारली आणि एका चंद्रावरून दुसऱ्यावर क्षणात माणूस पाठवण्याचा प्रयोग चालवला. प्रयोग बिघडला, थेट नरकाचे दार उघडले आणि त्यातून राक्षस बाहेर पडले. ठाण्यावरचे सैनिक मेले, नाहीतर पिशाच बनले. एकच शिपाई उरला. तो शिपाई म्हणजे खेळणारा. त्याला नावसुद्धा दिलेले नाही.

वास्तविक टॉम हॉलने आधी बरीच लांबलचक कथा रचली होती. तीत पात्रे होती, त्यांचे स्वभाव होते. पण खेळात कथेचे एवढे महत्त्व नाही असे जॉन कारमॅकचे मत पडले. कथेचा बराचसा भाग गाळला गेला आणि खेळ पुरा होण्यापूर्वीच हॉलने कंपनी सोडली. तरीही खेळाने जगाला वेड लावले. तेव्हा पोरे गोष्टीच्या नादाने त्यात रमतात असे म्हणता येत नाही. मग कशाने रमतात?

काठावर बसणे आणि आखाड्यात उतरणे

त्याआधीचे बहुतेक व्हिडिओ खेळ असे असत की पडद्यावर एक बाहुले दिसायचे आणि आपण ते लांबून नाचवायचे. डूममध्ये बाहुले दिसतच नाही. पडद्याच्या तळाशी दिसतो फक्त पुढे धरलेला हात आणि त्यातली बंदूक. समोर जे दिसते ते तुमच्याच डोळ्यांना दिसते. कळ दाबली की तुम्ही पुढे जाता, वळलात की सगळे दालन वळते. जत्रेतली कुस्ती काठावर बसून पाहणे वेगळे आणि लांग कसून स्वतः आखाड्यात उतरणे वेगळे. डूमने खेळणाऱ्याला काठावरून उचलून आखाड्यात टाकले.

याच मंडळींनी १९९२ च्या मे महिन्यात ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ नावाचा असाच एक खेळ काढला होता. पण त्यातल्या भिंती सगळ्या काटकोनात, छत एकाच उंचीचे आणि उजेड सगळीकडे सारखा. डूममध्ये जिने आले, वाकडेतिकडे बोळ आले, खिडकीबाहेरचे आकाश आले, भकभक करणारे दिवे आले आणि मिट्ट काळोख आला. कानाला लावायच्या यंत्रातून आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून, हेही कळू लागले. बंद दारापलीकडे काहीतरी गुरगुरते आहे. ते काय आहे हे पाहायचे तर दार तुम्हालाच उघडावे लागणार. रात्री पाण्याची पाळी असताना उसाच्या फडात कडेला काही खसफसले तर अंगावर काटा उभा राहतो की नाही? हातातली बॅटरी घट्ट धरून आपण तसेच पुढे जातो आणि घरी येऊन ती गोष्ट दहा जणांना सांगतो. भीतीही वाटावी आणि पुढे जावेसेही वाटावे, ही माणसाची जुनीच खोड आहे. डूमने तीच पकडली.

बरे, हे सारे ज्या संगणकावर चालायचे तो काही फार बलवान नव्हता. चार मेगाबाइट स्मरणशक्तीचे यंत्र पुरे व्हायचे. आज तुमच्या खिशातल्या स्वस्तातल्या स्वस्त स्मार्टफोनची ताकद त्याच्या शेकडो पट आहे. मग सेकंदाला पस्तीस चित्रे कशी उमटायची? सिनेमाची तर सेकंदाला चोवीसच असतात. त्यात कारमॅकची हुशारी होती. १९८० साली छापून आलेल्या एका शोधनिबंधातली युक्ती त्याने हुडकून काढली. ती आपल्या जमिनीच्या वाटणीसारखी आहे. सबंध नकाशाचे एक रेघ मारून दोन हिस्से करायचे, प्रत्येक हिश्श्याचे पुन्हा दोन, असे करीत लहान लहान तुकडे पाडायचे. ही वाटणी आधीच करून ठेवायची. मग खेळणारा कुठेही उभा असो, त्याच्या पुढे कोणता तुकडा आहे आणि कोणता कशाच्या आड आहे, हे यंत्राला शोधत बसावे लागत नाही. जे दिसणार तेवढेच रंगवायचे. बाकीचे राक्षस वगैरे म्हणजे सपाट चित्रेच. त्यांतले काही आधी मातीचे पुतळे करून फोटो काढून घेतलेले, आणि बंदुकाही खेळण्याच्या दुकानातून आणलेल्या! थोडक्यात साधन तुटपुंजे होते, पण आखणी पक्की होती.

हाकेला ओ

आता मुद्द्यावर येऊ. खेळात शिरताना हातात एक पिस्तूल आणि पन्नास गोळ्या असतात. तब्येत शंभर टक्के. पडद्याच्या तळाशी मधोमध त्या शिपायाचा चेहरा दिसतो. मार बसला की आकडा उतरतो आणि चेहऱ्यावर रक्त दिसू लागते. औषधाची पेटी सापडली की आकडा लगेच चढतो. निळी, पिवळी, तांबडी अशा किल्ल्या शोधायच्या, त्या त्या रंगाचे दार उघडायचे आणि बाहेरची वाट गाठायची.

प्रत्येक राक्षसाची चाल ठरलेली असते. एक जण लांबून आगीचा गोळा फेकतो, पण गोळा येताना दिसतो आणि बाजूला सरकले तर चुकवता येतो. दुसरा नुसता अंगावर धावून चावतो, त्याला लांब ठेवले की झाले. एकाचा मारा चुकून दुसऱ्याला लागला तर बहुधा त्यांच्यातच जुंपते, आणि हुशार खेळणारा दोघांची भांडणे लावून आपल्या गोळ्या वाचवतो. एखाद्या भिंतीचा रंग शेजारच्या भिंतीहून किंचित वेगळा असतो. ज्याची नजर बारीक त्याने ती दाबून पाहावी, मागे चोरखोली निघते आणि तिच्यात बक्षीस असते.

मजला संपला की पडद्यावर हिशेब येतो. राक्षस किती टक्के मारले, वस्तू किती टक्के गोळा केल्या, चोरजागा किती टक्के सापडल्या, वेळ किती लागला. मेला तर ‘कसा काय नापास झालास’ असे कोणी विचारत नाही. कळ दाबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

नीट विचार करून पाहा. येथे खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीला जबाब मिळतो, आणि तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळतो. चूक केली तर चूक का झाली ते दिसते. शिकला तर शिकल्याचे फळ दुसऱ्या मिनिटाला हातात पडते. नियम सर्वांना सारखे, वशिला चालत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की त्या जगात त्याच्यावाचून अडते. दार तो उघडेल तेव्हाच उघडते. या खेळाची ओढ बंदुकीची कमी आणि हाकेला मिळणाऱ्या ओची जास्त आहे. तुमच्या हाकेला तो ओ देत नाही, कारण तिकडे त्याच्या प्रत्येक हाकेला ओ मिळत असते.

आता आपली शेती पाहा. जूनमध्ये पेरावे, ऑक्टोबरात कळावे. खत योग्य दिले, कोळपण्या वेळेवर केल्या, सारे काही नेटके केले, तरी एका रात्रीच्या गारपिटीने सगळे आडवे व्हावे. माल चांगला पिकला तर भाव पडावा. मेहनत आणि फळ यांचे नाते असते, पण ते दिसायला सहा-सहा महिने लागतात आणि कधी कधी दिसतच नाही. मोठ्या माणसांना याची सवय झाली आहे. चौदा वर्षांच्या पोराला नाही. शाळेतही तेच, वर्षभर घोकावे आणि शेवटी एक आकडा मिळावा. अशा पोरापुढे ‘पी हळद अन् हो गोरी’ हे खरे करून दाखवणारी पेटी कोणी ठेवली, तर त्याने तिकडे वळू नये तर काय करावे?

नमुना फुकट, कवाड उघडे

डूमच्या प्रसाराची तऱ्हाही ऐकण्याजोगी आहे. खेळाचे तीन भाग होते. त्यातला पहिला, नऊ मजल्यांचा, सर्वांना फुकट. नक्कल करा, मित्राला द्या, कोणाची हरकत नाही. आवडला तर पैसे पाठवून पुढचे दोन भाग मागवा. टरबूजवाला आधी फोड कापून हातावर ठेवतो, तसेच हे. विस्कॉन्सिन राज्यातल्या विद्यापीठाच्या संगणकावर तो पहिल्यांदा चढवायचा ठरला. पण वाट पाहणाऱ्यांची तेथे इतकी दाटी झाली की खेळ चढवायला आलेल्या माणसालाच आत शिरायला जागा मिळेना!

चार संगणक तारेने जोडले तर चौघे मिळून राक्षसांशी लढू शकत, किंवा एकमेकांशी. सुरुवातीला या जोडणीने कचेऱ्यांतल्या आणि विद्यापीठांतल्या तारा इतक्या तुंबल्या की काही ठिकाणी खेळावर बंदी घालावी लागली. समोरचा गडी यंत्र नसून शेजारच्या खोलीतला मित्र आहे, हे कळले की खेळाला वेगळीच चव येते. आपल्याकडच्या आट्यापाट्यांत आणि हुतुतूत तीच चव होती. १९९६ साली अमेरिकेच्या मरीन दलाने तर या खेळाच्या दुसऱ्या भागात बदल करून चार शिपायांच्या तुकडीने एकजुटीने कसे चालावे याच्या सरावासाठी तो वापरला.

आणखी एक गोष्ट या मंडळींनी केली, तिला तोड नाही. खेळाचे यंत्र वेगळे आणि त्यातले मजले, चित्रे, आवाज यांची फाईल वेगळी, अशी मांडणी त्यांनी मुद्दाम ठेवली. त्यामुळे खेळणाऱ्यांना स्वतःचे मजले रचता येऊ लागले. हजारो पोरे खेळता खेळता रचणारी झाली. डारिओ आणि मायलो कॅसाली या दोन भावांनी रचलेले मजले इतके सरस ठरले की १९९६ साली कंपनीने ते आपल्या ‘फायनल डूम’ या खेळात घेतले. त्यांतला डारिओ पुढे ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीत गेला. १९९८ साली निघालेल्या ‘हाफ लाइफ’ या गाजलेल्या वैज्ञानिक कल्पनेच्या खेळावर त्याने काम केले. १९९७ च्या डिसेंबरात तर इड सॉफ्टवेअरने डूमच्या यंत्राची सगळी लिहावटच जगाला खुली करून दिली. जणू घरचे बियाणे गावाला वाटून टाकले. त्यामुळे तीस वर्षे लोटली तरी लोक अजून नवे मजले रचतात. रोमेरोने स्वतः २०१९ साली एक नवा भाग काढला. २०२५ च्या मे महिन्यात मूळ मालिकेतला आणखी एक मोठा खेळ बाजारात आला.

खुले बियाणे कुठे कुठे रुजते पाहा. खिशातल्या गणकयंत्रावर, छपाईच्या यंत्रावर, जेथे म्हणून लहानसा पडदा आहे तेथे डूम चालवून दाखवण्याची लोकांना हौसच लागली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लास वेगास येथे संगणक-सुरक्षेच्या जाणकारांचे संमेलन भरले होते. तेथे ‘सिक कोड्स’ या टोपणनावाच्या संशोधकाने जॉन डिअर ट्रॅक्टरच्या केबिनमधला पडदा मांडला आणि त्यावर डूम चालवला, तोही शेताचा देखावा घालून. हा त्याचा नुसता पोरखेळ नव्हता. अमेरिकेतले शेतकरी बरीच वर्षे तक्रार करीत होते की ट्रॅक्टर आमचा, पण त्यातला संगणक कुलूपबंद, त्यामुळे बिघाड झाला की अधिकृत माणसाचीच वाट पाहत बसावे लागते. ते कुलूप उघडता येते हे त्याने दाखवले. जानेवारी २०२३ मध्ये त्या कंपनीने अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेशी दुरुस्तीच्या हक्काबाबत करार केला. तरी वाद मिटला नाही, आणि २०२५ च्या जानेवारीत तेथील सरकारी आयोगाने कंपनीवर दावा लावला. याच कंपनीचे ट्रॅक्टर आपल्या पुण्याजवळ सणसवाडीलाही बनतात, तेव्हा आपल्यालाही हा प्रश्न अगदीच परका नाही.

रक्तपाताचे काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक, पण शेवटी मारामारीच ना ती! रक्त पाहून पोर निर्दय होणार नाही काय? ही काळजी रास्त आहे आणि ती अमेरिकेतल्या आईबापांनाही पडली होती. योगायोग असा की डूम निघाला त्याच्या आदल्या दिवशी, ९ डिसेंबर १९९३ ला, अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ खेळांतल्या हिंसेवर सुनावणी चालली होती. त्यातून १९९४ साली खेळांवर वयाची शिफारस छापण्याची पद्धत सुरू झाली. डूमवर सतरा वर्षांखालील मुलांसाठी नाही असा शेरा बसला. जर्मनीत तो लहान मुलांना विकण्यावर १९९४ साली निर्बंध आला, तो २०११ साली उठला.

एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडो राज्यात कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी खऱ्या बंदुकांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. ती दोन्ही मुले डूम खेळत असत. साहजिकच खेळावर बोट ठेवले गेले, दावेही झाले. पण खेळ बनवणाऱ्यांना न्यायालयाने जबाबदार धरले नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली सगळ्या संशोधनाचा आढावा घेऊन आपले मत मांडले. असे खेळ आणि ओरडणे, ढकलाढकली करणे असल्या चिडखोर वागण्याचा थोडाफार संबंध दिसतो. पण खऱ्या खूनखराब्याचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. तेव्हा पोर खेळतो म्हणून खुनी होईल ही भीती नको. पण आठ वर्षांच्या लेकराच्या हाती सतरा वर्षांच्या मुलाचा खेळ देऊ नये, एवढे मात्र पाळायलाच हवे. भाकरी सगळ्यांनाच लागते, म्हणून तान्ह्याला कोणी ज्वारीची भाकरी चारत नाही.

तेव्हाचा खेळ आणि आताचा

खरा धोका दुसरीकडे आहे. डूमचे एकूण सत्तावीस मजले. ते संपले की खेळ संपला, उठून जेवायला जावे. पैसे द्यायचे ते एकदाच. आजचे मोबाईलवरचे बरेच खेळ फुकट मिळतात, पण त्यांना शेवटच नसतो. दर काही आठवड्यांनी नवा हंगाम, रोज हजेरी लावली तर बक्षीस, आणि अंगावरचे कपडे किंवा बंदुकीचा रंग बदलायचा तर खरे पैसे. टरबुजाची फोड फुकट देणारा वेगळा आणि उधारीची वही उघडून बसणारा वेगळा. ‘ओ’ तीच, पण आता ती पोराला धरून ठेवण्यासाठी दिली जाते.

यातून काही मुले खरोखरीच अडकतात. जागतिक आरोग्य संघटनेने ‘खेळाचा विकार’ आपल्या रोगांच्या यादीत घेतला आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याची लक्षणे अशी: खेळ आवरता न येणे, खेळापुढे बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चालू राहणे. चार दिवस सुट्टीत खेळला म्हणजे विकार जडला असे नव्हे. पण झोप गेली, शाळा सुटली, जेवण तुटले, घरातले पैसे गुपचूप जाऊ लागले, तर लाज न बाळगता डॉक्टरांना विचारावे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत यासाठी २०१४ पासून खास विभाग आहे. आणि १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा आहे, तेथे घरबसल्या बोलता येते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही आणखी निराळीच बला. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. बंदुकीचा खेळ आणि पैशाचा जुगार यांत घरातल्यांनी गल्लत करू नये.

घरी काय करावे?

पान उलटून पाहिले, आता औषधाचे बोलू.

पहिली गोष्ट, एका संध्याकाळी पोराशेजारी बसा आणि म्हणा, ‘दाखव बरं, काय आहे ते.’ पाव तास नुसते पाहा, मध्ये उपदेश नको. त्याचा हात किती चपळ चालतो, तो किती गोष्टी एकदम ध्यानात ठेवतो, हे तुम्हाला दिसेल. कोणाबरोबर खेळतो तेही कळेल, कारण पलीकडे अनोळखी माणसेही असतात. पैसे भरण्याचा पासवर्ड मात्र मोठ्यांच्याच हाती असू द्या.

दुसरी गोष्ट वेळेची. खेळ ऐन रंगात असताना हिसकावला तर पोर चवताळते, आणि ते साहजिक आहे. रंगलेली कुस्ती पंचाने मध्येच सोडवली तर आखाडा दगड मारायला उठतो! ‘हा डाव संपला की उठायचे’ असे आधी ठरवा आणि दोघांनीही ते पाळा. रात्री मोबाईल पोराच्या उशाशी नको, तो माजघरात चार्जिंगला लावावा. हा नियम वडिलांनाही लागू असावा, नाहीतर पोर ऐकणार नाही.

तिसरी आणि खरी गोष्ट ओ देण्याची. आपण पोराला राबायला सांगतो, पण त्याच्या कामाला जबाब देत नाही. बैलाला पाणी पाजले, गवताचा भारा आणला, तरी कोणी बोलत नाही. राहिले तर मात्र लगेच बोलणी बसतात. खेळात याच्या नेमके उलट घडते. तेव्हा दोन गुंठे जागा पोराच्या किंवा पोरीच्या नावाने सोडा. मेथी, कोथिंबीर, मुळा असे महिना-दीड महिन्यात हाती येणारे पीक लावू द्या. काय लावायचे, पाणी कधी द्यायचे, कोणत्या बाजाराला न्यायचे, हे त्यांनीच ठरवायचे. चुकले तर चुकू द्या, एक वाफा वाळल्याने घर बुडत नाही. आलेल्या पैशाचा हिशेब त्यांच्याच वहीत राहू द्या. कोंबड्या असतील तर रोजच्या अंड्यांची नोंद त्यांच्याकडे सोपवा, तिथे तर जबाब रोज सकाळी मिळतो. ठिबकचा दाब, मोटारीचा स्टार्टर, मोबाईलवरचे बाजारभाव यांत त्याचा सल्ला विचारा आणि बरोबर निघाला तर चार माणसांत तसे सांगा.

आणि ज्या पोराला खेळाचा फारच नाद आहे, त्याला खेळ रचण्याकडे वळवता येते का पाहा. शाळेत संगणक असेल तर गुरुजींना किंवा बाईंना विचारा. ‘स्क्रॅच’ नावाची मुलांसाठीची फुकट सोय आहे, तीत लहान लहान खेळ स्वतः बनवता येतात. कॅसाली बंधू असेच खेळता खेळता रचू लागले होते. प्रत्येक पोर तसे होईल असे नाही, पण पडद्यामागे माणसाचीच आखणी असते, हे एकदा त्याला उमगले की पडद्याची भूल निम्मी उतरते.

हे केले की पोर खेळणे सोडून देईल, असे आम्ही म्हणत नाही. ते खेळेल आणि खुशाल खेळू द्या. आपल्या वडिलांनी आपल्याला विटीदांडूवरून कान धरून आणले होतेच की! शेताला आणि घराला त्याची गरज आहे, हे मात्र त्याला रोज कुठल्या ना कुठल्या कामातून कळत राहू द्या. आजच संध्याकाळी विहिरीवर जाताना त्याला सोबत घ्या आणि मोटार त्याच्या हाताने चालू करू द्या.